मामा समोर असला तरच गोष्ट

माझी माय दिवसा गोष्ट सांगू द्यायची नाही. दिवसाढवळ्या गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आमच्याकडं म्हणतात. दुसऱ्यांच्या घरी हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणायचे. पोरं कामाचं सोडून गोष्टीत गुंतू नयेत, एवढाच त्याचा मतलब. आमच्या घरात मात्र तो कायदा होता. मायला पाठचा एकच भाऊ, आणि माझा बाप मी रांगत होतो तेव्हाच गेलेला. म्हणजे त्या एका माणसावर आमचं घर उभं. तो वाट चुकला तर आमचं काय, ही धास्ती तिच्या पोटात कायमची होती.

खरं तर आमचा मामा वाट चुकण्यातला माणूसच नव्हता. कळमनुरीच्या पलीकडं त्याचं गाव, अलीकडं हिंगोलीच्या वाटेवर आमचं. हळदीची गाडी घेऊन तो हिंगोलीच्या बाजारात, मोंढ्यात, जायचा, येताना आमच्याकडं उतरायचा. त्याचं धोतर, पटका, हाताची नखं, सगळं पिवळं. "मामा, तुझं आज पुन्हा लगीन हाय का?" असं मी विचारलं की तो पाठीत धपका घालायचा. मामाला मी अरेतुरेच करायचो. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. मग त्यानं पुन्हा संसार मांडला नाही. मांडायला सांगणारे पुष्कळ होते. "बहिणीचं पोरगं हाय की," एवढं म्हणून तो बैलांना पाणी दाखवायला निघून जायचा.

मला पुण्याला शिकायला पाठवण्याचं खूळ त्याचंच. हिंगोलीच्या ठेसनावर त्यानं मला गाडीत बसवलं तेव्हा मी रडलो. तो नाही रडला. म्हणाला, "रडून काय राहिला, पोरी सासरी जातात, तूबी जाय."

पुण्यात माझी पहिली फजिती नाव घालतानाच झाली. मला इंग्रजी वाङ्मय शिकायचं होतं. सोबत आणखी एक भाषा घ्यावी लागे. बाकीची पोरं संस्कृत घेत. आमच्याकडं निजामाचं राज्य, शाळेत सगळं उर्दू. संस्कृताचा मला गंधही नाही. एकानं सांगितलं, जर्मन घे, तिथं सगळेच पहिल्या अक्षरापासून सुरू करतात. सगळेच अडाणी, तर मीही त्यांत एक! मी जर्मन घेतलं. लोक मला पुढं विचारत, जर्मन वाङ्मयाची ओढ कशी लागली? कसली ओढ नि कसलं काय. पण दोन वर्षांत ती खरोखरच लागली, हे मात्र खोटं नाही.

तेव्हा लढाई चालू होती. सुटीत घरी आलो की गावातले म्हातारे मला घेरायचे. "इंग्रजाची शिकतो ते ठीक. जर्मनाची काहून शिकून राहिला? तो तर दुश्मन हाय म्हनत्यात." मामा म्हणायचा, "उद्या तो जिंकला तर गावात बोलाया कोनी पाहिजे का न्हाई?"

मायला पुण्यातलं काहीच दिसत नव्हतं. पोरगं एवढं लांब जाऊन करतं काय, हे तिला कळून घ्यायचं होतं. मी म्हटलं, गोष्टी आणि कविता वाचतो. तिला वाटलं मी थट्टा करतोय. "गोष्टी तर आमी फुकट सांगतो. त्याच्यासाठी आगगाडीत कशाला बसावं लागतं?" मी म्हटलं, सांगतो ना तुला, बस. पण गोष्ट मला तोंडपाठ नसायची. पुस्तक पुढं धरायचं, एक ओळ वाचायची, तिचं मराठी करून सांगायचं. त्याला उजेड पाहिजे. लढाईपायी घासलेट मिळेनासं झालेलं, चिमणी लावायची ती जेवणापुरती. म्हणजे वाचायचं तर दिवसाच. आणि दिवसा गोष्ट म्हटल्याबरोबर मायनं कानांवर हात ठेवले. "नको रे बाबा. तो रोज गाडीवाटेनं हिंडतो."

तोड मामानं काढली. मोंढ्यातून परतताना तो आला, भाकरी खाल्ली, आमची हुज्जत ऐकली आणि दारापुढच्या लिंबाखाली मांडी घालून बसला. "हे बघ अक्का, मी तुज्यासमोर बसलोय. समोर बसलेला मानूस वाट कुठून चुकंल? सांग रे तू."

मायनं बराच विचार केला. तिला त्यात खोट सापडली नाही. तेव्हापासून आमच्या घरी ठरलं, दिवसा गोष्ट सांगायची तर मामा समोर असला तरच. तो उठला की गोष्ट बंद. अर्ध्या वाक्यात असली तरी बंद. पाणी प्यायला उठला तरीसुद्धा माय माझ्या तोंडापुढं हात धरायची, आणि तो मुद्दाम दोनदोनदा पाणी प्यायला उठायचा.

सुटीमागून सुटी अशी गेली. मी ज्या क्रमानं शिकायचो त्या क्रमानं लिंबाखाली वाचायचो. आधी इंग्रजांच्या फार जुन्या कविता, त्यांत धनी मेल्यावर समुद्रावर एकटा भटकणारा शिपाई. मग जर्मनांचे मधल्या काळातले शूर सरदार. मग पुढच्या जमान्यातले, चंद्राकडं बघून पानंच्या पानं उसासे टाकणारे तरुण. मामा म्हणाला, "ह्याला कोनीतरी हळद खांदाया लावा. झोप लागंल." शेवटी अलीकडच्या, आधीच्या मोठ्या लढाईवरून न परतलेल्या पोरांच्या गोष्टी. पुण्यात आमचे प्राध्यापक प्रत्येक काळाचं वैशिष्ट्य सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. मामाला काळबीळ काही नव्हता. हजार वर्षांपूर्वीचा शिपाई आणि कालचा शिपाई त्याच्या लेखी एकाच गावचे. प्रत्येक गोष्ट संपली की त्याचा एकच सवाल ठरलेला.

"मंग? घरी पोचला का न्हाई?"

बहुतेक जण पोचायचे नाहीत. वाङ्मय म्हणतात ते तसलंच असतं. पहिल्यांदा मी खरं ते सांगितलं, तर मामा दिवसभर घुम्यासारखा बसला. जाताना म्हणाला, "एवढी जाडी पुस्तकं लिवतात, अन् एक मानूस घरी पोचवता येत न्हाई?" मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी मी समुद्रावरच्या माणसाला सुखरूप काठाला लावला. मामा खुलला. मग मला तो नादच लागला. बर्फातून, रानातून, लढाईतून, सगळ्या जमान्यांतली माणसं मी लिंबाखाली घरी आणून सोडली. मायच्या ते ध्यानात आलं होतं. एकदा चुलीपुढं म्हणाली, "ओळ संपली तरी तुजं तोंड चालूनच राहतं की रे." मी हसलो. तीही हसली. मामाला मात्र दोघांनी सांगितलं नाही.

त्याचा परिणाम असा झाला की पुण्यात माझी शोभा झाली. प्राध्यापकांनी निबंध लिहायला दिला होता, घर सोडून गेलेला माणूस इंग्रजी आणि जर्मन वाङ्मयात काळाकाळाप्रमाणं कसा बदलत गेला. मी झपाटून लिहिला. लिहिताना कुठं पुस्तकातला शेवट आला आणि कुठं लिंबाखालचा, याचं भान राहिलं नाही. प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. फार करडे गृहस्थ. म्हणाले, "हा मनुष्य घरी परतल्याचं तुम्ही लिहिलं आहे. असा शेवट कोणत्या आवृत्तीत आहे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडच्या."

मग सगळं सांगावं लागलं. मामा, वाट, घासलेट, लिंब. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. कपाटातून त्यांनी एक जर्मन गोष्टींचं पुस्तक काढलं, स्वतःचं. त्यातल्या एका लांब गोष्टीवर बोट ठेवलं. "ही मामांना वाचून दाखवा. पण जशी आहे तशी. दुःखाची गोष्ट दुःखाची म्हणून ऐकायला माणसं समर्थ असतात. तुम्ही त्यांना लहान समजू नका." मला राग आला, कारण ते बरोबर बोलत होते. मी ठरवलं, या सुटीत खरा शेवट सांगायचा.

ती सुटी अठ्ठेचाळीस सालची. देश स्वतंत्र झाला होता, आम्ही नव्हतो. आमच्यावर अजून निजामच. गावोगाव जाळपोळ, लूट. रात्री कोण येईल, काय करील, सांगता येत नव्हतं. मी घरी आलो तो गाव अर्धं रिकामं. लोक लेकरं, भांडी गाडीत टाकून पैनगंगेपल्याड वऱ्हाडात जात होते. तिथं आपलं राज्य. मामा गाडी घेऊन आला, मायला म्हणाला, "जातं राहू दे, माणसं घे." आम्ही निघालो. माझ्या बोचक्यात दोन सदरे आणि ते पुस्तक.

पल्याड एका आमराईत आमच्याकडच्या पुष्कळ लोकांनी पालं ठोकली होती. दिवस जाता जायचा नाही. काम नाही, शेत नाही, नुसतं नदीच्या दिशेला बघत बसायचं. मायच एके दिवशी म्हणाली, "ते नवं पुस्तक काढ की. हा तर समोरच हाय." मामा खरंच रोज समोर होता. एवढे दिवस सलग तो आमच्यापाशी कधीच राहिला नव्हता. लाजिरवाणं वाटतं म्हणायला, पण त्या आमराईतले काही दिवस माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते.

गोष्ट एका सुताराची. डोंगरापल्याडच्या शहरात वर्षभर काम करून तो थंडीत पायी घरी निघतो. मामा म्हणाला, "बर्फ म्हंजी गाराच ना?" मी म्हटलं, गारांसारखाच, पण मऊ, आणि थांबत नाही. माय म्हणाली, "थांबत न्हाई तर निघाला काहून? उन्हाळ्यात जावं." "अक्का, त्याचं घर हाय तितं," मामा म्हणाला. रोज थोडं थोडं वाचायचो. पालापालांतले लोकही येऊन बसायला लागले. सुतार शेवटच्या चढावरच्या खानावळीत पोचला. तिथून त्याला खाली स्वतःच्या गावातले दिवे दिसतात. खानावळवाली म्हणते, रात्रीचा थांब, सकाळी जा.

तेवढ्यात मामाच्या गावचा एक माणूस नदी ओलांडून आला. मामानं आपला म्हातारा बैल शेजाऱ्याच्या हवाली केला होता. तो एवढी वाट चालला नसता. आता तो शेजारीही घर सोडून पळाला होता. मामानं एकच विचारलं, "बैल सोडला का त्यानं?" त्या माणसाला माहीत नव्हतं.

मामा उठला.

माय म्हणाली, "जाऊ नको."

"खुट्याला बांधलेलं जनावर हाय, अक्का. त्याला काय कळतं राज्य कोनाचं? पान्यावाचून मरंल." पटका बांधता बांधता तो माझ्याकडं वळला. "तो सुतार खानावळीत हाय ना? बसू दे तितंच. ऊब हाय, जेवाया हाय, त्याला काय तकलीफ न्हाई. मी आलो की मंग पुढं सांग."

मायनं माझ्या हातातलं पुस्तक मिटवलं. मिटवण्याआधी आंब्याचं एक पान खुणेला घातलं. मामा आमराईच्या कडेपर्यंत दिसला. पाठमोरा, पिवळा.

तो आला नाही. दोन-चार दिवसांत नदीला पूर आला, तेव्हा वाटलं पुरापायी अडकला. पूर ओसरला. नदी ओलांडून येणाऱ्या प्रत्येकाला माय वाटेत गाठायची. एकजण म्हणाला, नदीच्या उताराशी बघितला. दुसरा म्हणाला, औंढ्याच्या वाटेला बघितला. औंढ्याला तो कशाला जाईल? लोक बिचारे काहीतरी सांगायचं म्हणून सांगत. मी नदीपर्यंत जायचो, परत यायचो. पुढं जायला निघालो की माय माझे पाय धरायची. आईनं लेकाचे पाय धरायचे! त्याहून माणसानं मरावं.

पाऊस सरता सरता आपली फौज आली, निजामाचं राज्य गेलं. लोक ढोल वाजवत घरी निघाले. आम्हीही निघालो. मी ढोलांच्या बराच मागं राहून चालत होतो.

आधी मामाच्या गावी गेलो. घराला कडी घातलेली. आत भांडी जागच्या जागी. परसात खुटा होता, बैल नव्हता. खुट्याला दाव्याचा तुकडा लोंबत होता, विळ्यानं कापलेला. गव्हाणीत तळाशी वैरणीची काडी होती. बैल आम्हाला शिवारातच सापडला, ओढ्याच्या कडेला, चांगला हिंडताफिरता. मायनं त्याच्या गळ्यात हात घातले आणि म्हणाली, "हा हाय म्हंजी तोबी हाय." बैल आम्ही घरी आणला.

मग मी हिंडलो. हिंगोलीत मोंढ्यात विचारलं, कचेरीत विचारलं, दवाखान्यात, कळमनुरीच्या बाजारात, औंढ्याला देवळाबाहेरच्या दुकानांत. मोंढ्यातले लोक मामाला ओळखायचे. "तो? तो कसा हरवंल?" म्हणायचे. मला तेच ऐकवत नसे. कुणी हळूच म्हणालं, आता दिवसपाणी करून घ्या. ते मायच्या कानावर गेलं तेव्हा ती त्या माणसाच्या अंगावर धावून गेली. "मुडदा बशिवला तुज्या तोंडाचा! तो गोष्ट अर्धी टाकून गेलाय. अर्धी गोष्ट टाकून मानूस मरतो का?"

त्या पुस्तकाला तिनं मला हात लावू दिला नाही. उतरंडीवर, उंच ठेवलं. सुतार खानावळीत बसलेला बरा, मामा येईपर्यंत. तिचं हे बोलणं मी ऐकून घ्यायचो. मलाही ते बरं वाटायचं. शेवट मला ठाऊक होता. आणि गल्लीत दुपारी कुणी लेकरांना गोष्ट सांगताना दिसलं की माय दारातून ओरडायची, "दिवसाची गोष्ट नको सांगू गं! कोनाचा तरी भाऊ वाटंवर असंल!" बाया गोष्ट तिथंच तोडायच्या. वेडी म्हणाल्या असतील मागं, तोंडावर कुणी म्हणालं नाही.

पुण्याहून मित्रांचे निरोप येत होते. परीक्षा जवळ आलेली. मी गेलो नाही. मायला एकटं टाकून कसा जाऊ? आणि गेलो तर तिकडं पुन्हा तीच पुस्तकं. काळ पहिला, काळ दुसरा, काळ तिसरा. मला त्या सगळ्यांचा संताप आला होता. एवढी शेकडो वर्षं, दोन दोन भाषा, आणि माणूस गेल्यावर मागच्यांनी काय करायचं ते एकालाही सांगता आलं नाही!

हिवाळ्यातली दुपार होती. हळदीची पानं वाळायला लागली होती. माय लिंबाखाली तूर निवडत बसली होती. बैल पलीकडं रवंथ करत होता. मी दावं वळत होतो. मान वर न करता ती म्हणाली, "ते पुस्तक काढ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "काहून?"

"पुढं काय झालं ते सांग."

मी वर बघितलं. ऊन चांगलं अंगणभर पडलं होतं. "माय, दिवस हाय," मी म्हटलं. "मामा समोर न्हाई."

"ठाऊक हाय मला." तिनं सूप खाली ठेवलं. "आता त्याला कुठं जायचं न्हाई. वाट चुकायचं भेव गेलं त्याचं. सांग तू."

इतके महिने सगळा गाव सांगत होता ते तिनं ऐकलं नव्हतं, आणि आता ते तिनं या एवढ्या शब्दांत मला सांगितलं. मी उतरंडीवरून पुस्तक काढलं. आंब्याचं पान वाळून कडकडीत झालं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "मामाला सांगायचा तसं नको. पुस्तकात असंल तसं सांग."

सुतार खानावळीत थांबला नाही. गावातले दिवे दिसत होते, म्हणून निघाला. खानावळवालीनं दारात उभं राहून त्याचा कंदील बघितला. कंदील उतारावर दिसला, झाडीत गेला, पुन्हा दिसला, मग दिसला नाही. सकाळी ती गावात गेली तेव्हा त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि विचारलं, तुम्हाला वाटेत आमचे कुणी भेटले का? गोष्ट तिथंच संपते. मी ओळीला ओळ वाचली, मराठी केली, एक शब्द वाढवला नाही.

मायनं विचारलं, अगदी मामाच्याच ढंगात, "म्हंजी घरी पोचला न्हाई?"

"न्हाई, माय."

"माजा भाऊ पोचला व्हता," ती म्हणाली. "त्यानं दावं कापलं. पानी पाजलं, वैरन घातली, कडी लावली. घरी पोचला व्हता तो. आपल्याकडं येता येता गेला." आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं गळा काढला. "माज्या भावा रे! माज्या भाऊराया रे!"

मी तिला धरलं. मीही रडत होतो. गल्लीतल्या बाया हातातलं काम टाकून आल्या. काय झालं म्हणून एकीनंही विचारलं नाही. लिंबाखाली तिच्याभोवती बसल्या आणि तिच्यासोबत रडू लागल्या.